हिमनदीची ओटी

मुलाने चपला काढायला इतका वेळ लावला तेव्हाच मी ओळखलं. एरवी एक चप्पल पूर्वेला आणि एक पश्चिमेला भिरकावणारा माणूस, त्या दिवशी दोन्ही जोडून भिंतीला टेकवत बसला होता. मी म्हटलं, "इंदूवन्सं ना?" त्याने नुसती मान हलवली. इंदूवन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या पुढे, आजार म्हणावा असा काही नाही, सकाळचा चहा पिऊन खुर्चीत बसल्या आणि तशाच गेल्या. पुण्यवान मरण, सगळे म्हणाले. म्हणतात बापडे. मागे राहिलेल्याला त्या पुण्याचा काय उपयोग, ते कोणी सांगत नाही. डोंबिवलीहून नौपाड्याला रिक्षाने गेलो. त्यांच्या त्या एका खोलीत माणसं मावत नव्हती, कारण निम्म्या ठाण्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ येऊन "मी ह्यांच्या हातचा" म्हणून पाया पडत होते. त्यातच एक बाई दुसरीला सांगत होत्या, "अहो, ह्या त्या काळी एकट्या दक्षिण ध्रुवावर जाऊन आल्या होत्या म्हणे." दक्षिण ध्रुव! कपाळ माझं! त्या वेळी काही बोलले नाही, मयतीच्या घरात कुठे वाद घालायचा. पण आता महिना होऊन गेला, आणि राईचा पर्वत होण्याआधी कोणीतरी खरं सांगायला हवं. माझी नणंद ध्रुवावर गेली नव्हती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पाठीला पिशवी लावून, बरीचशी वाट पायी, ती एक हिमनदी बघायला गेली होती. आणि नुसती बघायला गेली नव्हती. तिथे काय झालं ते जाणणारी आता मी एकटीच उरले आहे.

मी लग्न होऊन डोंबिवलीला आले ते स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, स्टेशनाभोवती थोड्या चाळी, विहिरी, आणि त्यापुढे सगळी भातखाचरं. घरात सासूबाई, आमचे हे, आणि रविवारी ठाण्याहून येणाऱ्या इंदूवन्सं. त्यांचं लग्न झालं आणि पहिली मंगळागौर व्हायच्या आत नवरा विषमज्वराने गेला. सासरच्यांनी माहेरी आणून पोचवलं. माझ्या सासऱ्यांनी, मी त्यांना पाहिलं नाही, पण जाण्याआधी त्यांनी एक शहाणपणा केला, मुलीला नर्सिंगला घातली. मी आले तेव्हा वन्सं टेंभी नाक्याजवळच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला लागल्या होत्या. पांढरी साडी, मोकळं कपाळ, मोकळा गळा. मला पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "माझं बरं आहे गं वहिनी, नर्स आणि विधवा, दोन्ही नोकऱ्यांना एकच साडी चालते." मी नवी नवरी, हसावं की रडावं कळेना. त्या मात्र खो खो हसल्या. त्यांचं हसणं तसंच होतं, समोरच्याला आधी घाबरवायचं आणि मग सोडवायचं.

ठाण्यात पोटुशी बाई दवाखान्यात आली की आधी विचारायची, "इंदूबाई आहेत ना?" त्या आहेत म्हटल्यावर निम्म्या कळा कमी व्हायच्या. पण त्याच बाईच्या घरी बारसं असलं की इंदूबाईंना बोलावणं नसे. पेढे दवाखान्यात येत. पाळण्याशी, कुंकवाच्या करंड्याशी, ओटीच्या तांदळाशी विधवेने जायचं नाही, असा तो काळ होता. आमच्या सासूबाई काही दुष्ट नव्हत्या हो. रविवारी लेकीसाठी वालाची उसळ राखून ठेवायच्या, तिच्या तळपायांना तेल चोळायच्या. पण रीत म्हणजे रीत. मला पहिल्यांदा दिवस गेले, सातव्या महिन्यात ओटी भरायचं ठरलं, शेजारपाजारच्या सवाष्णी जमल्या, तेव्हा सासूबाईंनी लेकीला एवढंच म्हटलं, "इंदू, तू जरा आत बस." आणि वन्सं उठून आत गेल्या. कोणी ढकललं नाही, कोणी टोचून बोललं नाही... सवयीने गेल्या. मी पाटावर, हिरवी साडी, फुलांची वाडी, पदरात तांदूळ, खण, नारळ पडतायत, बायका उखाणे घ्यायला लावतायत, आणि माझं सगळं लक्ष त्या आतल्या दाराकडे. मला इतका राग आला होता की उखाण्यात ह्यांचं नाव घेताना चुकले. बायकांना वाटलं लाजली.

बायका गेल्यावर मी तशीच स्वयंपाकघरात गेले. वन्सं चुलीपाशी बसल्या होत्या. मी समोर पदर पसरला आणि म्हटलं, "वन्सं, तुम्ही राहिलात." त्या मागे सरकल्या. "वेड लागलंय का तुला? ऊठ." मी म्हटलं, "बाळाला आधी हात कोणाचे लागणार? तुमचेच ना? मग तांदळाने काय घोडं मारलंय?" मी हट्टी. बापाच्या घरून तेवढीच गोष्ट भरपूर आणली होती. शेवटी त्यांनी डब्यातले मूठभर तांदूळ घेतले, माझ्या पदरात टाकले. चार दाणे बाहेर सांडले. नाळ कापताना ज्यांचा हात कधी चुकला नाही, त्यांच्याकडून. आणि आठवा लागता लागता ते बाळ गेलं. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि सगळं संपलं. वन्संनीच सोडवलं मला. मुलगी होती. पुढे त्यांनी नीट समजावून सांगितलं, रक्तदाब चढतो, असं होतं, कोणाचा दोष नसतो, दवाखान्यात अशा किती बायका येतात. सगळं अगदी बरोबर सांगितलं. मला पटलंसुद्धा. त्या मुठीची गोष्ट आम्ही दोघींनीही तिसऱ्या माणसाला कधी सांगितली नाही. मी केलं ते चूक केलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण ज्यांनी मला समजावलं त्यांना मात्र ते पटलं नव्हतं. त्या दिवसानंतर वन्सं मला हातातून हातात काही देईनात. वाटी असली तर जमिनीवर ठेवायच्या आणि मी उचलायची. रविवारचं येणंही हळूहळू कमी झालं. आज काय ड्यूटी आहे, उद्या काय कोणी रजेवर आहे. मी मनात म्हणायची, ड्यूटी कसली, मला टाळताय.

काही वर्षांनी त्यांना न्यूझीलंडला जायची संधी आली. तान्ह्या बाळांच्या संगोपनाचं शिक्षण, येण्याजाण्याचा खर्च तिकडून. दवाखान्यातल्या थोरल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं नाव पुढे केलं. घरात आठ दिवस चूल नीट पेटली नाही. सासूबाई म्हणायच्या, "विधवा पोर, समुद्रापार, एकटी?" हे म्हणायचे, "अगं, इथे तरी कोण आहे तिच्यासोबत?" शेवटी त्या वाक्यावर सासूबाई तयार झाल्या. निघायच्या आधी वन्संनी एक शाळेचं जुनं भूगोलाचं पुस्तक उघडून मला चित्र दाखवलं. "शाळेत होते तेव्हापासून मला ही बघायचीय. हिमनदी. हिमालयात जाणं काही माझ्या नशिबात नाही, पण त्या देशात दक्षिणेला आहेत म्हणे. जमलं तर बघून येईन." सासूबाई पलीकडे निवडणं निवडत होत्या. त्यांच्या कानावर एवढाच शब्द पडला. "कुठली नदी?" वन्सं म्हणाल्या, "नदी नव्हे गं आई, बर्फ असतो. वाहत नाही. इंच इंच सरकतो." "सरकते ना पुढे? मग नदीच ती. नाव नदी, सरकते, म्हणजे बाईमाणूस. तिला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही."

आता हे सासूबाईंना नवीन नव्हतं. कसाऱ्याकडे आमचे नातेवाईक होते, तिकडे जाताना आंबिवलीच्या अलीकडे उल्हास नदीचा पूल लागला की त्या पदराच्या गाठीतला पैसा सोडून खिडकीतून नदीत टाकायच्याच. नवी नदी पहिल्यांदा ओलांडायची तर ओटी. गोदावरी झाली, कृष्णा झाली, आता ही न्यूझीलंडची. मी तोंडाला पदर लावून हसत होते. सासूबाईंनी मात्र हिरवा खण काढला, नारळ बोटीत कुजेल म्हणून सुक्या खोबऱ्याची वाटी घेतली, तांदळाची पुरचुंडी, हळदकुंकवाची पुडी, सगळं एका फडक्यात बांधून ट्रंकेत तळाला घातलं. आणि मग लेकीकडे न बघता म्हणाल्या, "तिथली एखादी सवाष्ण बघ. तिच्या हातून भरून घे." माझं हसू तिथल्या तिथे जिरलं. वन्सं म्हणाल्या, "बरं, आई." बस्स. बोटीवर चढताना सासूबाईंनी हातावर दही घातलं. मी नमस्काराला वाकले तर वन्संनी पाय मागे घेतले.

वर्ष दीड वर्षाने त्या परत आल्या. गालावर तांबूस छटा, बोलण्यात जरा मोकळेपणा. सासूबाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "भेटली का गं नदी? सवाष्ण मिळाली?" वन्सं म्हणाल्या, "मिळाली." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पुढची गोष्ट मला कळली ती त्यानंतर काही महिन्यांनी. मला पुन्हा दिवस राहिले होते. मधली वर्षं कशी गेली ते लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. वन्सं रजा काढून आल्या होत्या, रोज माझे पाय दाबून बघायच्या, सुजलेत का. दुपारी आम्ही दोघी मोड आलेले वाल सोलत बसायचो. वाल सोलताना माणूस खरं बोलतं. हात गुंतलेले असतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. अशाच एका दुपारी त्या तिकडचं सांगायला लागल्या.

शिक्षण संपल्यावर बरोबरच्या मुली समुद्रकाठी सुटी घालवायला गेल्या. वन्संनी एका नर्सच्या भावाची पाटलोण आणि खिळे मारलेले बूट मागून घेतले, पाठीवरची पिशवी घेतली, तिला तिकडे पॅक म्हणतात, आणि दक्षिणेची वाट धरली. "पाटलोण?" मी ओरडलेच. "मग काय लुगडं नेसून डोंगर चढू?" दक्षिण बेटाचा तो पश्चिम किनारा म्हणजे माणसांपेक्षा झाडं जास्त. बस जिथवर जाते तिथवर बस, कोणाचा टपालाचा ट्रक मिळाला तर ट्रक, आणि पुढे पाय. पाऊस कोकणासारखा, थांबतच नाही. माडाएवढी उंच नेच्याची झाडं. चावणारी बारीक चिलटं, इतकी की भाकर तोंडात घालायला तोंड उघडायची चोरी. नद्यांचं पाणी पांढरट राखाडी, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. काही नद्यांवर पूल नाहीत, कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून जायचं. मुक्काम कधी एखाद्या गवळ्याच्या घरी, कधी रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या रिकाम्या झोपडीत. दिवसच्या दिवस माणूस दिसत नसे. "मी मोठ्याने पाढे म्हणायची," वन्सं म्हणाल्या, "पावकी, निमकी, पाऊणकी. मराठी ऐकू यावं म्हणून. माझाच आवाज मला परका वाटायला लागला, तेव्हा तुझ्या आवाजात बोलून पाहिलं." मी विचारलं, "म्हणजे कसं?" त्या म्हणाल्या, "हट्टीपणाने." आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी एक वाल सोलला, दुसरा सोलला, आणि खाली मान घालूनच म्हणाल्या, "एक सांगू वहिनी? त्या वाटेवर मला कोणी विधवा म्हणून ओळखत नव्हतं. मला वाटलं होतं, किती हलकं वाटेल. पण तिथे मला कोणी काहीच म्हणून ओळखत नव्हतं गं. इथे आत बस म्हणायला तरी कोणी आहे..." मी वालाची सालं गोळा करत बसले.

हिमनदीच्या अलीकडे शेवटचं घर होतं ते एका गाईवाल्या बाईचं. लाल गालांची, धिप्पाड, दिवसभर रबरी बूट घालून शेणात उभी. तिने वन्संना ठेवून घेतलं, मटणाचा रस्सा समोर ठेवला, त्यांनी बटाटे तेवढे काढून खाल्ले. वन्संना आईचा शब्द आठवला. त्यांनी त्या बाईला विचारलं, "तुझा नवरा आहे का?" ती म्हणाली, "आज सकाळी दूध काढायच्या वेळेपर्यंत तरी होता." एवढं ऐकून वन्संनी तिला ओटीचं सगळं समजावलं. खण दाखवला, कुंकू दाखवलं. त्या गोऱ्या बाईला काय कळलं असेल देव जाणे, पण ती खुशीत आली. म्हणाली, "एवढा मान मला कोणी दिला नाही. उद्या धारा काढून झाल्या की येते तुझ्याबरोबर." म्हणजे बघा, सवाष्ण मिळाली होती. आपण होऊन यायला तयार होती. वन्सं सासूबाईंशी खोटं बोलल्या नव्हत्या. पण सकाळी ती बाई धारांना गेली आणि ह्यांनी फडकं उचललं आणि एकट्या निघाल्या.

"का?" मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "एवढ्या नद्या कमरेपर्यंत अंगावर घेऊन मी चालत आले. ती गाईवाली रोज तिच्या शेजारी राहते, तिला तिचं काही नाही. आणि भेटायच्या वेळी मी मागे उभी राहू? तिथेसुद्धा?" मग सांगितलं, की ती हिमनदी काही चित्रासारखी पांढरी शुभ्र नव्हतीच. नावही कुठल्या राजाबिजाचं, वन्संना ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. खालून बघितलं तर कळकट, दगडगोटे अंगावर घेतलेली, ठाण्याच्या मिठागरात पावसाआधी झाकायची राहून गेलेली मिठाची रास असते ना, तशी. पण फटींमधून आत बघितलं की निळी. आणि आवाज करते. आतून कुरकुरते, पोटातून पाणी वाहतं. जंगल अगदी तिच्या कुशीपर्यंत आलेलं. वन्सं समोर उभ्या राहिल्या आणि पहिली अडचण आली ती ही की नदीचा पदर कुठे असतो? वाहती नदी असती तर पाण्यात सोडलं असतं. शेवटी जिथे बर्फ संपतो आणि पाणी सुरू होतं तिथे, बर्फाच्याच एका खोलगट जागेत त्यांनी खण पसरला. त्यावर खोबऱ्याची वाटी, ओंजळीने तांदूळ, हळद. आणि मग कुंकू. ओल्या बर्फावर कुंकू पडलं आणि पसरलं. भराभर पसरत गेलं, लालच लाल. "मला तुझी त्या वेळची चादर दिसली गं," वन्सं म्हणाल्या. एवढं बोलून त्या उठून विहिरीवर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

परत आल्यावर राहिलेलं सांगितलं. त्या दिवशीच पुढे निघायचं होतं, पण त्या निघाल्या नाहीत. गाईवालीकडेच राहिल्या. रस्त्यावरचा ट्रक चुकला, परतीच्या बोटीचा घोळ होणार होता, तरी राहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा हिमनदीवर गेल्या. "कशाला?" "बघायला. तिला काही झालं का ते." नर्सिंग शिकलेली, परदेश फिरून आलेली बाई, डोंगराएवढ्या बर्फाला आपल्या हाताने काही बाधा झाली का, ते बघायला गेली होती. हसण्यासारखंच आहे. मी हसले नाही. "मग?" मी विचारलं. "होती तिथेच," वन्सं म्हणाल्या. "कुंकू धुऊन गेलं होतं. बाकी धक्कासुद्धा नाही."

सातव्या महिन्यात सासूबाईंनी पुन्हा ओटी भरायचं ठरवलं. ह्या वेळी बायका मोजक्याच बोलावल्या, दृष्ट नको लागायला म्हणून. पाट मांडला, मी बसले. सासूबाई नेहमीसारखं म्हणाल्या, "इंदू, तू जरा..." वन्सं आत गेल्या नाहीत. उभ्या होत्या त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या नदीची ओटी मी भरली. सवाष्ण मिळाली होती, पण भरली मी." एका म्हाताऱ्या शेजारणीने "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. सासूबाईंचा हात तांदळाच्या ताटात तसाच राहिला. मला वाटलं, आता ही म्हातारी रडणार, नाहीतर भडकणार. दोन्ही झालं नाही. त्यांनी लेकीकडे वर बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग? तिला काही झालं?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले. होती तिथेच."

सासूबाईंनी थोडा विचार केला. वकिलाने पुरावा तपासावा तसा. आणि ताट लेकीपुढे सरकवलं. "मग भर."

मला भीती वाटली का? वाटली. उगाच धीटपणाच्या गप्पा मारत नाही. पहिल्या वेळी मी हट्टाने पदर पसरला होता, तेव्हा गमावण्यासारखं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. ह्या वेळी पदर धरलेल्या मुठी घामाने ओल्या झाल्या होत्या. वन्संचा चेहरा तर कागदासारखा. तरी त्यांनी ओंजळ भरली, पाच वेळा तांदूळ घातले, खण, नारळ. शेवटी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं, आणि तेवढ्याने त्यांना हुंदका आला. त्या आमच्याकडेच राहायला होत्या, दुसऱ्या दिवशी पहाटेच माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या, मनगट धरून. मी डोळे उघडले तर म्हणाल्या, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." मग पोटावर हात ठेवून बराच वेळ वाट बघितली. आतून लाथ बसली तेव्हा उठून चहा ठेवायला गेल्या. दोन महिन्यांनी उषा झाली, त्यांच्याच हातावर. मग मुलगा झाला. आमच्या घरापुरती ती रीत तिथे संपली. इतर घरांतून मात्र इंदूबाईंना पेढेच येत राहिले, अगदी निवृत्त होईपर्यंत. नौपाड्यातली एक खोली, खिडकीत तुळस, संध्याकाळी तलावावर एक फेरी. मी कितीदा म्हटलं, डोंबिवलीला येऊन राहा. "एकटं राहायची कला मी फार लांब जाऊन शिकलेय, वहिनी, ती फुकट घालवू का?" असलं काहीतरी उत्तर द्यायच्या आणि विषय बदलायच्या.

दोन वर्षांपूर्वी उषा आणि जावई सहलीबरोबर न्यूझीलंडला जाऊन आले. उषाला वाटलं, आत्याला केवढा आनंद होईल! आम्ही दोघी नौपाड्याला गेलो, ती फोनवरचे फोटो मोठे करून दाखवत होती. पण फोटोत नदीच नव्हती. नुसता दगडधोंड्यांचा रिकामा पट्टा, आणि लांब, पार वर डोंगराच्या खोबणीत, मळकट पांढरं काहीतरी. उषा म्हणाली, "मागे गेली गं आत्या. आता जवळ जाताच येत नाही. हेलिकॉप्टरने जातात, नाहीतर लांबून बघायची." वन्संनी भिंग लावून बघितलं. "आणि ते जंगल? कुशीपर्यंत आलेलं?" उषाला काय ठाऊक. ती खाली भाजी घ्यायला गेली तेव्हा वन्सं मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, तिच्यावर गेलं का गं सगळं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा संतापच आला. मी चांगलंच खडसावलं त्यांना. म्हटलं, "वन्सं, वेड लागलंय का तुम्हाला? जगातल्या सगळ्या हिमनद्या मागे चालल्यात, मोटारी, कारखाने, धूर... सगळ्यांच्या ओट्या काय तुम्ही भरल्यात?" त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. पेपर मीही वाचते." मग भिंग पुसत म्हणाल्या, "उषा वाचली ना पण. कोणावर तरी जायचंच होतं." आणि उषा पिशव्या घेऊन वर आली तर तिला अगदी सरळ आवाजात विचारलं, "तुझ्या गुडघ्याचं काय म्हणाले गं डॉक्टर?"

घरात टेलिफोन आला तेव्हापासून वन्संचा रोज सकाळी फोन यायचा. बोलणं काही नाही. "वहिनी, आहेस ना?" "आहे." "आणि उषा?" "तीही मजेत आहे." "बरं." की ठेवून द्यायच्या. मी चिडवायची, "का हो, माझ्या जायची वाट बघताय की काय?" आमचे हे गेले, त्या तेरा दिवसांतही तो फोन चुकला नाही. मला वाटायचं, एकट्या बाईचा चाळा आहे, दुसरं काय. त्या फोटोंच्या दिवशी घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओटी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ वन्संपुरती कधी संपलीच नव्हती. साठ वर्षं ह्या बाई मनाने रोज सकाळी परत जाऊन बघत होत्या, आम्ही तिथेच आहोत ना. आणि मी त्यांना चिडवत होते...

आता सकाळी चहा झाला की मी फोनपाशी जाऊन बसते. मुलगा म्हणतो, आई, कोणाचा यायचाय? मी काही सांगत नाही. थोडा वेळ बसते. मग कोणी विचारलं नसलं तरी म्हणते, आहे हो वन्सं, उषाही आहे.